उतारा आधी, घड्याळ नंतर

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘क्लॅट’ परीक्षेचा चेहरा २०२० साली बदलला. त्याआधीच्या पेपरात व्याकरणाचे आणि शब्दार्थाचे सुटे प्रश्न असत, पाठ करून येणारं सामान्यज्ञान असे, एका-दोन ओळींच्या कायदेशीर तत्त्वावर बेतलेली उदाहरणं असत. आता पाचही विभागांत आधी मजकूर येतो आणि मग त्याच्यावरचे प्रश्न. गणितसुद्धा परिच्छेदातून किंवा तक्त्यातून काढून घ्यावं लागतं. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, असा सध्याचा हिशेब आहे. इंग्रजीचा विभाग वीस टक्क्यांच्या आसपास असला तरी वाचून समजण्याची परीक्षा पेपरभर पसरलेली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेल्या बारावीच्या मुलांना म्हणूनच सगळ्यांत जास्त छळतो तो प्रश्न हा : उताऱ्यांवरचे गुण वाढवायचे कसे? त्याची दोन उत्तरं सर्रास ऐकू येतात आणि ती एकमेकांच्या विरोधात उभी आहेत. ती दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो : एक क्लॅटच्या क्लासमध्ये शिकवणारे सर, दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात भाषा शिकवणाऱ्या बाई. माझा कल बाईंकडे आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. पण सरांचं म्हणणं पोकळ नाही, म्हणून त्यांनाच आधी बोलू द्यावं.

सर : बाई, तुम्ही मुलांना ‘वाचा, भरपूर वाचा’ म्हणता. ऐकायला ते चांगलं वाटतं. पण पेपरचं गणित मांडून बघू. एका उताऱ्यावर सरासरी पाच प्रश्न धरले तर चोवीस उतारे होतात. गणिताचे उतारे आखूड असतात हे जमेस धरूनही मजकूर दहा हजार शब्दांच्या घरात जातो. प्रश्न आणि प्रत्येकाचे चार-चार पर्याय त्याच्या वर. हे सगळं दोन तासांत. मूल हुशार असतं, समज चांगली असते, पण शेवटच्या दोन-तीन उताऱ्यांपर्यंत ते पोहोचतच नाही. जो उतारा वाचलाच नाही तिथे समज काय करणार? म्हणून आम्ही आधी प्रश्न वाचायला सांगतो आणि मग प्रश्नातला शब्द उताऱ्यात कुठे आहे ते शोधायला लावतो. चारांतले दोन पर्याय खोडता आले की उरलेल्या दोनांतला एक अंदाजाने निवडला तरी सरासरी ०.३७५ गुण पदरात पडतो, कारण दंड पाव गुणाचाच आहे. यात फसवणूक नाही. परीक्षेने जे नियम केले त्यांतच हे तंत्र बसतं. आणि आठवड्याला एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्याशिवाय ते अंगी मुरत नाही.

बाई : हिशेब बरोबर आहे, सर. मी त्यात एक आकडा घालते. परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्शियमनेच म्हटलं आहे की इंग्रजीच्या विभागातला साडेचारशे शब्दांचा उतारा बारावीच्या विद्यार्थ्याला पाच ते सात मिनिटांत वाचता यावा. असे चार-पाच उतारे म्हणजे वीस ते पस्तीस मिनिटं. त्या विभागाच्या वाट्याला सरळ भागाकाराने येतात साधारण चोवीस मिनिटं, तीही प्रश्न सोडवण्यासकट. तेव्हा वेळेची ओढाताण खरीच आहे, ती मी नाकारत नाही. पण ही मिनिटं जातात कुठे ते बघू या. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून, इंग्रजी माहितीपर गद्य मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग काढला. तो मिनिटाला २३८ शब्द आहे. त्या वेगाने साडेचारशे शब्दांना दोन मिनिटंही लागत नाहीत. मग दोन मिनिटं आणि सहा मिनिटं यांतली तफावत डोळ्यांमुळे पडत नाही. वाक्य परत वाचावं लागतं, सर्वनाम कोणासाठी आलं ते हुडकावं लागतं, तिसऱ्या परिच्छेदात पोहोचेपर्यंत पहिल्यात काय होतं ते निसटलेलं असतं, आणि प्रश्न वाचून झाला की सगळा उतारा पुन्हा चाळावा लागतो. हा सगळा न समजल्यामुळे गेलेला वेळ आहे. तुम्ही त्याला वेगाची कमतरता म्हणता आणि वेगावर औषध देता.

सर : म्हणजे वेग वाढवता येतच नाही, असं तुमचं म्हणणं आहे?

बाई : येतो ना. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली शीघ्रवाचनाच्या दाव्यांची कसून छाननी केली. नजर कमी वेळा थांबवणं, मनातला उच्चार दाबणं, एका दृष्टिक्षेपात जास्त शब्द टिपणं असल्या उपायांनी वेग वाढला की समज घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चाळून वाचण्याला त्यांनी जागा ठेवली आहे, पण ती ढोबळ कल्पना पुरेशी असते तिथे. क्लॅटमध्ये विचारलं जातं ते लेखकाने काय गृहीत धरलं, कोणत्या विधानाने त्याचा युक्तिवाद दुबळा होईल, हे. समज न घटता वेग वाढतो तो भाषा अधिक येऊ लागल्याने आणि शब्द ओळखीचे झाल्याने. म्हणून वेगाच्या मागे लागलेल्या मुलाला वेगही मिळत नाही आणि समजही मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे थोडं थांबून पर्यायांकडे बघायला हवं, कारण वादाचा गाभा तिथे आहे. दोन पर्याय खोडून उरलेल्या दोनांत अंदाज लावला तर निम्म्या वेळा उत्तर बरोबर येईल, हे सरांचं गणित एक गोष्ट गृहीत धरतं : ते दोन पर्याय अर्धवट समजलेल्या वाचकाला सारखेच दिसतात. तसं नसतं. पेपर काढणारा चुकीचा पर्याय असा घडवतो की अर्धवट समजलेल्याला तोच जास्त पटावा. एका प्रकारात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असतात, पण संबंध उलटा असतो. कारणाच्या जागी परिणाम बसलेला असतो. दुसऱ्यात विधान जगात खरं असतं, उताऱ्यात मात्र त्याला आधार नसतो. तिसऱ्यात काही जणांबद्दलचं म्हणणं सगळ्यांना लावलेलं असतं, शक्यतेची खात्री झालेली असते. आणि सगळ्यांत फसवा चौथा प्रकार : विधान उताऱ्यात आहे, शब्दही तेच आहेत, पण मत लेखकाचं नाही, लेखकाने ज्यांचं खंडन करायला घेतलं त्यांचं आहे. समजा, खासगीपणाच्या हक्कावर उतारा आहे. लेखक आधी दोन परिच्छेद सरकारची बाजू मांडतो, नागरिकांची माहिती गोळा केल्याशिवाय कल्याणकारी योजना योग्य माणसापर्यंत पोहोचत नाहीत असं सांगतो, आणि मग ‘हाउएव्हर’ म्हणून वळतो. प्रश्नातला शब्द शोधत उताऱ्यात शिरलेल्या मुलाला योजनांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात सापडतो, त्या वाक्याशी जुळणारा पर्याय ते घेतं आणि पाव गुणही गमावून बसतं. त्याने अंदाज लावलेला नसतो; त्याची खात्री झालेली असते. शब्द शोधण्याच्या सवयीने ही चूक वाढते, आणि आठवड्याला एक मॉक दिली तर दर आठवड्याला तीच चूक घट्ट होत जाते.

सर : चूक कुठे होते ते तुम्ही नेमकं दाखवलंत. पण ती टाळायची कशी? ‘नीट वाच’ एवढं सांगून कोणी नीट वाचत नाही.

बाई : खरं आहे, तेवढ्याने काही होत नाही. नीट म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला फार लांब जावं लागत नाही. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवावं याच्या खुणा मीमांसकांनी सांगून ठेवल्या आहेत. टिळक कायद्याचे पदवीधर; १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचा अर्थ लावताना त्यांनी त्याच खुणा पुढे ठेवल्या. आरंभ आणि शेवट कशाने केला आहे, पुन्हा पुन्हा काय येतं, नवीन असं काय सांगितलं, त्यातून निष्पन्न काय होतं, कोणता भाग केवळ ओघात, स्तुतीसाठी किंवा दाखल्यासाठी आला आहे (याला ते अर्थवाद म्हणतात), आणि प्रतिपक्षाचं खंडन करून कोणती गोष्ट युक्तीने सिद्ध केली आहे. मध्यवर्ती विधानावरचा प्रश्न म्हणजे दुसरं काय असतं? चुकीचे पर्याय पुष्कळदा अर्थवादातून उचललेले असतात : लेखकाने ओघात दिलेला दाखला घ्यायचा आणि तोच निष्कर्ष म्हणून समोर करायचा. म्हणून माझा आग्रह असतो की सरावाच्या पहिल्या काही महिन्यांत घड्याळ बाजूला ठेवावं आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तीन-चार शब्द लिहावेत : कोण बोलतंय आणि कशासाठी. ‘सरकारची बाजू’, ‘दाखला’, ‘लेखकाचा आक्षेप’, ‘लेखकाचा तोडगा’. मग उतारा झाकून लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत सांगावं, मराठीत सांगितलं तरी चालेल. त्यानंतर प्रश्न. आणि बरोबर आलेल्या उत्तराच्याही बाबतीत, बाकीचे तीन पर्याय कोणत्या ओळीमुळे बाद होतात ते बोट ठेवून दाखवावं.

सर : हीसुद्धा एक युक्तीच झाली की!

बाई : झाली. आणि युक्तीला मर्यादा असते, हिलाही आहे. वाचनाच्या युक्त्या शिकवल्याने फायदा होतो, पण तो थोड्या तासांत मिळून जातो. पुढे त्याच युक्त्या कितीही घोटल्या तरी त्या प्रमाणात भर पडत नाही, असं डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास तपासून दाखवलं आहे. त्यामुळे समासातली टिपणं हा पाया घालण्याचा भाग. त्यापुढचे गुण ज्या विषयावर उतारा आहे त्याच्या ओळखीतून येतात.

सर : इथे मात्र मी अडवणार. कायद्याच्या विभागासाठी पूर्वज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणारेच सांगतात. तत्त्व उताऱ्यात दिलेलं असतं. मग त्यासाठी वेगळं वाचत कशाला बसायचं?

सरांचा हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, कारण तो परीक्षेच्याच शब्दांवर उभा आहे. उत्तर देण्यासाठी पूर्वज्ञान लागत नाही, हे अगदी मान्य. ते वापरलं तर नुकसानही होऊ शकतं, कारण उताऱ्यातलं तत्त्व प्रत्यक्ष कायद्याहून वेगळं असेल तर उताऱ्याचंच ऐकायचं असतं. पण उतारा वाचून डोक्यात धरण्यासाठी पूर्वज्ञान लागतंच. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ सालचा अमेरिकेतला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात तरबेज होती, काही कच्ची. काहींना खेळ ठाऊक होता, काहींना नव्हता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन ही कोणत्याही मजकुराला सारखीच लागू पडणारी, सुटी काढून घासता येणारी शक्ती नाही, हे यातून दिसतं. क्लॅटच्या संदर्भात बघा. पुट्टस्वामी खटल्यातल्या निकालाच्या भाषेत लिहिलेला उतारा समोर आला. ज्याला ठाऊक आहे की २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, त्यासाठी १९५४ आणि १९६२ सालचे जुने निकाल त्या मुद्द्यापुरते बाजूला सारले, आणि आणीबाणीतल्या एडीएम जबलपूर खटल्यात बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा निर्णय त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, चुकीचा ठरवला, त्याला उताऱ्यातली नावं आणि सालं आपापल्या जागी बसलेली दिसतात. त्याचं सगळं लक्ष लेखक यावर काय म्हणतो आहे याकडे राहतं. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याचं अर्धं लक्ष कोणता निकाल आधीचा आणि कोणता नंतरचा हे लावण्यातच खर्ची पडतं. उत्तर दोघांच्याही समोर छापलेलं आहे, पण ते दिसेल एवढी उसंत पहिल्यालाच आहे.

सर : बरं, मानलं. पण मुलाच्या हातात एक वर्ष असतं. तुम्ही म्हणता ती ओळख दहा वर्षांच्या वाचनाने येते. आणि जे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलं, त्याचं काय? राज्याची विधी सीईटी मराठीतून देता येते, तिथे चुकीच्या उत्तराला दंडही नाही. क्लॅट फक्त इंग्रजीत. अशा मुलाला मी टिळकांची खूण सांगू की शब्द पाठ करायला लावू?

बाई : क्लॅट इतर भारतीय भाषांतूनही व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती, आणि माझं मन त्या मागणीच्या बाजूने आहे. पण आज जे मूल समोर बसलंय त्याला आजच्या परीक्षेतून जायचं आहे, म्हणून तेवढंच बोलते. शब्द लागतातच, आणि किती लागतात तेही अभ्यासकांनी मोजलं आहे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं की परक्या भाषेतली गोष्ट मदतीशिवाय पुरेशी समजायला तिच्यातले अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. साडेचारशे शब्दांच्या उताऱ्याला हेच माप लावलं तर अनोळखी शब्द नऊच्या वर जाता कामा नयेत. पंचाण्णव टक्क्यांवर ते बावीस होतात आणि धागा तुटायला लागतो. तेव्हा या मुलाची अडचण दुहेरी असू शकते, आणि आधी कोणती अडचण आहे ते तपासावं. चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ साली हाच प्रश्न मांडला होता : परभाषेत वाचताना अडतं ते वाचन येत नाही म्हणून, की भाषा येत नाही म्हणून? अभ्यासकांचं उत्तर साधारण असं की परभाषेची एक किमान पातळी गाठेपर्यंत आपल्या भाषेतलं वाचनकौशल्य तिकडे पोहोचत नाही. ती पातळी ओलांडली की मात्र पोहोचतं. म्हणून मी त्याला मराठी अग्रलेख देते आणि त्यात प्रतिपक्ष कुठे संपतो, लेखक कुठे सुरू होतो, ते शोधायला लावते. मराठीतही सापडलं नाही तर अडचण वाचनाची आहे आणि ती मराठीतच लवकर सुटेल. मराठीत पटकन सापडलं आणि इंग्रजीत नाही, तर शब्दांवर मेहनत घ्यायची.

आणि वर्षाचं म्हणाल, तर सगळं जग वाचायचं नाही. परीक्षेतले विषय फिरून फिरून तेच येतात : मूलभूत हक्क, संघराज्य, करार, नुकसानभरपाई, १ जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे, पर्यावरण, महागाई आणि व्याजदर, नवं तंत्रज्ञान. मूल एक दिवस निवडणूक रोख्यांवर, दुसऱ्या दिवशी हवामानावर, तिसऱ्या दिवशी चित्रपटावर असं वाचतं आणि कशातच रुजत नाही. त्याऐवजी तीन आठवडे एकाच विषयावर वाचावं. पहिला लेख जड जातो, दुसऱ्यात तेच पारिभाषिक शब्द पुन्हा भेटतात, पाचव्या-सहाव्या लेखापर्यंत कोश उघडावा लागत नाही, आणि दोन लेखक एकमेकांना कुठे विरोध करतात हे आपोआप दिसू लागतं. पहिले एक-दोन लेख मराठीत वाचले तर इंग्रजीतला तिसरा निम्मा सोपा होतो, कारण प्रसंग आणि बाजू ठाऊक झालेल्या असतात. वर्षात असे पंधरा-सोळा विषय बसतात. बारावीच्या अभ्यासाचे महिने वजा केले तरी दहा-बारा होतात.

अमेरिकेतल्या एलसॅट या विधी प्रवेशपरीक्षेलाही बाईंचं हे म्हणणं लागू पडेल असं मला वाटतं. तिथे पस्तीस मिनिटांत चार संच आणि साधारण सत्तावीस प्रश्न असतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लॉजिक गेम्स’ वगळल्यानंतरही गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांतला एक वाचनाचा आहे. पण तिथली मुलं पदवी घेऊन येतात. आपल्याकडे सतरा-अठराव्या वर्षी हा डोंगर समोर येतो, म्हणून विषयांची ओळख करून देण्याची जबाबदारी आपल्या शिक्षकांवर जास्त पडते.

सरांच्या मॉकबद्दल मात्र त्यांच्या बाजूने बोलायला हवं, कारण बाईंच्या म्हणण्याचा सोपा अर्थ लावून कोणी चाचण्याच टाकून देईल. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवतं. स्वतःची परीक्षा घेण्याने माणूस शिकतो, यात वाद नाही. शिवाय दोन तास एकाग्र बसणं, उत्तरपत्रिकेवर गोल भरणं, कोणत्या विभागाने सुरुवात करायची हे ठरवणं, एखादा उतारा पकडीत येत नसेल तर पहिल्या परिच्छेदानंतर तो बाजूला ठेवण्याचं धैर्य, हे प्रत्यक्ष पेपरशिवाय येत नाही. सरांना जिथे थांबवावंसं वाटतं ती जागा वेगळी आहे. रविवारी मॉक, सोमवारी निकाल, मंगळवारी पुढच्या मॉकची तयारी, असा क्रम असेल तर चूक समजून घ्यायला दिवसच उरत नाही. एका मॉकनंतर तिच्या दुप्पट वेळ तिच्या चिरफाडीत गेला पाहिजे, आणि तो जाणार असेल तर पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला दोनच मॉक बसतात.

सर : निम्म्या मॉक? पालक फी भरताना पहिला प्रश्न विचारतात तो मॉक किती घेणार हाच. त्यांना मी काय सांगू?

बाई : त्यांना वही दाखवा, सर. प्रत्येक चूक कोणत्या जातीची, ते मुलाने तिथे स्वतःच्या हाताने लिहिलेलं असू दे : संबंध उलटा घेतला, उताऱ्याबाहेरचं घेतलं, जास्त ताणलं, की दुसऱ्याचं मत लेखकाच्या नावावर टाकलं. जूनमध्ये या शेवटच्या रकान्यात किती होत्या आणि सप्टेंबरात किती राहिल्या, हे पालकांनाही मोजता येईल. तो रकाना रिकामा होत आला की घड्याळ लावा आणि मग आठवड्याला एक घ्या. परीक्षा डिसेंबरात असते, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर त्याला पुरतात.